चित झालेला फुटबॉल

मित्रांनो, मी एक जुना फुटबॉल आहे. पोटातली हवा कधीच गेली, कातडे सुरकुतले, आणि साक्रीकडच्या एका खेड्यात कणगीवर बसून दिवस काढतो आहे. एक गोष्ट मला आजवर उलगडलेली नाही. तुम्ही शाळेत जाता, तुम्हाला उलगडते का बघा.

माझा जन्म दूर मेरठकडचा. कातड्याचे तुकडे शिवून, आत ब्लॅडर घालून, तोंड वादीने आवळून मला धुळ्याला धाडले. देवपुरातल्या मैदानावर पहिली लाथ बसली तेव्हाच मी गोंधळलो. लाथ घालणारा संघाचा कप्तान शालिग्राम खेळ संपल्यावर मलाच मांडीवर घेऊन तेल चोळायचा. लाथाही त्याच्याच आणि तेलही त्याचेच. हे प्रेम मला कळले नाही, पण अंगवळणी पडले.

आमचा गोली जामसिंग कॉलेजसाठी देवपुरात राहायचा. मूळचा तो साक्रीकडचा, कुस्तीतला गडी. त्याच्या बापाने आसपासच्या जत्रा गाजवल्या होत्या. तिकडे कुस्ती मारली की गड्याला फेटा बांधतात आणि तो लोकांतून फेरी मारतो. बाप गेला, फेटा पेटीत राहिला. जामसिंग पाच वर्षांत पाच जत्रा लढला आणि पाचही वेळा त्याचीच पाठ मातीला लागली. "एकदा जिकीसन ये, मंग बांधसू," एवढेच त्याची आई गुंताबाई म्हणे. तो फेटा त्याला किती हवा होता, ते मला ठाऊक होते. मला छातीशी धरून तो पुष्कळदा त्या पेटीतल्या फेट्याचेच बोले.

१९८६ साली जळगावच्या मेहरूण भागातल्या संघाशी ढालीसाठी अंतिम सामना ठरला. गुंताबाईला निरोप गेला. ती एसटीने आली आणि पिशवी पोटाशी धरून थेट गोलामागे बसली. आमच्या गोलाला जाळी कुठली असायला.

एक-एक अशी बरोबरी होती. अगदी शेवटी मेहरूणला पेनल्टी मिळाली. अशी लाथ बसली की माझी वादी कुरकुरली. जामसिंगने झेप घेऊन मला वरच्या वर कवटाळले आणि आम्ही दोघे मातीत आलो. सारे मैदान उठून उभे राहिले. मला वाटले, सुटलो बुवा.

तेवढ्यात मागून हाक आली, "ये रे जामसिंग, आठे ये. तुना बापना फेटा लयेल शे मी."

पाच वर्षे ज्या हाकेची वाट पाहिली ती अशी आयती आल्यावर तो कसला थांबतो? मला काखेत मारून तो आईकडे निघाला. जिंकले की लोकांत जायचे, ही जत्रेची रीत. मध्ये गोलाची चुन्याची रेघ होती. ती त्याने ओलांडली, आणि त्याच्या काखेतून मीही ओलांडली.

शिट्टी वाजली. पंचाने गोल दिला, आणि त्याचेही बरोबरच होते. मेहरूणची पोरे आधी एकमेकांकडे पाहत राहिली, मग नाचली. आमच्या लोकांनी कपाळाला हात लावला. मी अडवलेला चेंडू होतो, की गोल झालेला? मला काही सुधरेना.

फेटा अर्धा बांधून झाला होता. जामसिंगचा चेहरा पार उतरला. "भाऊ, मी काय करी बसनू," तो शालिग्रामकडे बघून पुटपुटला. शालिग्राम तावातावाने धावत आला होता. सगळा संघ नको म्हणत असताना यानेच पहिलवानाला गोलात उभे केले होते.

गुंताबाईने फेट्याचे टोक खोचता खोचता वर पाहिले. "भाऊ, यानी कोनले पाडं?"

शालिग्रामने एकदा फेट्याकडे पाहिले. मग त्याने माझ्याकडे बोट दाखवले.

"याले पाडं, माय. भलता जड गडी व्हता."

म्हातारीने माझ्याकडे मोठ्या आदराने पाहिले. ढाल मेहरूणला गेली. मला शालिग्रामने जामसिंगच्या हातात दिले आणि परत मागितले नाही.

गुंताबाई आता नाही. होती तोवर घरी येणाऱ्या प्रत्येकाला मला दाखवी आणि म्हणे, "याले मना पोऱ्यानी पाडं." तो फेटा घडी करून माझ्याच खाली ठेवला आहे.

मित्रांनो, चेंडूला तेल लावा, ओला ठेवू नका. आणि एखादी माय लेकाला फेटा बांधत असेल, तर शिट्टी वाजली तरी तिचे बांधून होऊ द्या.

माझा प्रश्न तेवढा राहिला. चित व्हायचे तर पाठ मातीला लागावी लागते, आणि मला तर पाठच नाही. तरी कोणी विचारले तर मी सांगतो, हो, जामसिंगने मला पाडले.