देवश्रीची निवड

होसकोट्याच्या कपड्यांच्या कारखान्यात पवित्रा शर्ट तपासायची आणि देवश्री कॉलर शिवायची. दोघी खानापूरकडच्या, एकाच खोलीत राहणाऱ्या. त्यामुळे दुबईच्या ब्यूटी पार्लरमधली नोकरी आपल्याला सोडून देवश्रीला मिळाली, हे पवित्राच्या घशाखाली उतरेना.

"अक्कानं तुझ्यात काय बघितलं गं?"

"रूप!" नव्या बॅगेची चेन ओढत देवश्री हसली. "जळू नकोस. रविवारी विमानातनं फोटो पाठवते की."

धनलक्ष्मीअक्का मुलींना परदेशात कामं मिळवून द्यायची. पवित्राही तिच्याकडं जाऊन आली होती. बारावी सायन्स, बरं इंग्रजी, पार्लरचा तीन महिन्यांचा कोर्स. देवश्रीकडं यातलं काहीच नव्हतं. तरी अक्का म्हणाली होती, "तू थांब स्वल्प, थोडी कळ काढ. पुढच्या वेळी बघू."

शनिवारी पवित्राचं कामात लक्ष लागेना. नापास शर्टात दोष काय, ते तिला चिठ्ठीवर लिहावं लागे. आपल्या चिठ्ठीवर अक्कानं काय लिहिलं असेल? रंग? दात? त्या भेटीतला एकेक प्रश्न तिनं आठवून पाहिला. मार्क विचारलेच नव्हते. कोर्सचं सर्टिफिकेट अक्कानं उघडलंही नव्हतं. वडील आहेत? भाऊ किती? रोज फोन कोणाचा येतो? आणि पवित्रानं ऐटीत सांगितलं होतं: वडील आहेत, दोन भाऊ आहेत, मामा पोलिसात आहे.

देवश्रीला आईबाप नव्हते. वाढवणाऱ्या मावशीनं वर्षभरात एकदाही फोन केला नव्हता.

पवित्राच्या हातातला शर्ट तसाच राहिला. खोट पवित्रात नव्हती. ती हरवली असती, तर शोधायला माणसं निघाली असती, एवढंच.

जेवणाच्या सुट्टीत तिनं हे सांगितलं, तशी देवश्री भडकली. "व्हिसा आलाय, पासपोर्ट अक्काकडं तयार आहे, आणि आता तुझ्या पोटात दुखायला लागलं!"

"दुखतंय. पण पार्लरचं नाव तरी सांग."

नाव देवश्रीला ठाऊक नव्हतं. ती डबा तसाच टाकून उठून गेली.

संध्याकाळी पवित्रा पोलीस ठाण्यात गेली. पुरावा म्हणून तिच्याकडं अक्काच्या प्रश्नांची यादी तेवढी होती. महिला उपनिरीक्षकांनी ती दोनदा वाचली. रविवारी सकाळी साध्या वेशातले पोलीस अक्काच्या घरी पोचले, तेव्हा देवश्री बॅग घेऊन तिथंच होती. आणखी पाच मुलींचे पासपोर्ट निघाले. अक्काच्या मोबाइलमध्ये तिकडच्या माणसाला पाठवलेले फोटो होते. देवश्रीच्या फोटोखाली लिहिलं होतं: 'लॉजवर चालेल. मागे कोणी नाही.'

ठाण्यात उपनिरीक्षक बाई देवश्रीजवळ बसल्या. "तुझी काही चूक नाही. तुझ्यावर केस होत नसते," असं त्यांनी तिला सावकाश समजावलं. तिच्या पाठीवरचा त्यांचा हात पाहून पवित्राला पुन्हा टोचलं, आणि अजूनही टोचतंय याची लाज वाटली.

"तुला संशय कसा आला?" बाईंनी पवित्राचा जबाब लिहायला घेतला.

मैत्रिणीची काळजी वाटली, असं सांगता आलं असतं.

"हिला घेतलं, मला नाही घेतलं, म्हणून."

"आणि तुला घेतलं असतं तर?" देवश्रीनं मान वर न करता विचारलं.

"गेले असते. तुला कळूही दिलं नसतं."

"मी निदान सांगितलं तरी."

"मिरवायला सांगितलंस."

"हो, मिरवायलाच! तुझ्याशिवाय कोणासमोर मिरवणार होते मी?"