खेकड्याच्या बरणीतली मागची चिठ्ठी

दचकू नका, खेकडा नाही, मी बोलतेय. त्याच्या शेजारी स्पिरिटमध्ये बुडालेली दोन बोटांएवढी चिठ्ठी.

माझा जन्म संग्रहालयाच्या मागच्या खोलीतला. तिथल्या संशोधक बाईंचे वडील, आबा, मासेमारी करायचे. जाळ्यातला कचरा निवडताना त्यांना हा निळसर खेकडा मिळाला. लेकीच्या कामाला येईल म्हणून त्यांनी तो डब्यात घालून आणला. बाईंनी दोन वर्षं पुस्तकं पालथी घातली. असला खेकडा कुणी नोंदवलेलाच नव्हता. मग त्यांनी आबांच्या नावावरून त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं, लेख छापला आणि ते नाव माझ्यावर पेन्सिलीने लिहून मला बरणीत सोडलं. काय तोरा होता तेव्हा माझा!

आबा अधूनमधून बघायला यायचे. परक्या लिपीतली आपल्या नावाची अक्षरं तेवढी ते ओळखतात. पहारेकऱ्याला हटकून सांगायचे, "हा माझा नामराशी बरं का!"

पुढे बाईंनी तांबड्या पट्ट्यांचं एक खेकड्याचं पिल्लू टाकीत वाढवलं. ती वेगळीच जात म्हणून सत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी नोंदवली होती. पिल्लाने तीनदा कवच टाकलं, पट्टे गेले आणि निघाला हुबेहूब आमचाच खेकडा! एका प्राण्याला दोन नावं झाली, की आधी छापलेलं चालतं आणि मागाहूनचं बाद होतं. हे अजून कुणालाच कळलं नव्हतं, गप्प बसता आलं असतं. पण बाईंनी स्वतःच लेख लिहून आपण ठेवलेलं नाव बाद केलं. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि फार वाईटही वाटलं.

जुनी चिठ्ठी फेकायची नाही, हा इथला रिवाज. त्यामुळे सत्तर वर्षांपूर्वीच्या नावाची चिठ्ठी पुढे आली आणि मी मागे गेले.

परवा आबा काठी टेकत आले. बाईंनी घाईघाईने बरणी फिरवून मला पुढे केलं.

"पेन्सिलीचं असून पुसलं नाही गं अजून!" आबा म्हणाले.

"नाही पुसत, आबा." बाई दुसरीकडेच बघत होत्या.

"रविवारी होडीवरच्या सगळ्यांना आणतो. म्हणतात, म्हातारा थापा मारतो."

आबा गेले. बाईंनी बरणी फिरवून मला पुन्हा मागे केलं.

बाई, सगळ्या जगापुढे चूक कबूल केलीत, मग बापापुढेच का कचरता? रविवारच्या आत सांगा त्यांना. मागे राहायला माझी ना नाही. पण त्यांच्या तोंडावर खोटं बोलायला मला पुढे उभी करू नका.