कात्रीला दुसरा हात

आमचे हे, म्हणजे दुकानात येणाऱ्या सगळ्यांचे मास्तर, कापड कापतात आणि मी शिवते. सव्वीस वर्षं झाली. दुकान एका खोलीचं. खिडकीशी त्यांचं कापायचं टेबल, दाराशी माझं मशीन, आणि मध्ये जागा एवढीच की भांडण झालं तर एकालाच तावातावानं उठून जाता येतं. तो मान बहुतेक वेळा मीच घेते.

मास्तर तसे गरीब स्वभावाचे. आवाज चढत नाही, जेवणात मीठ कमी पडलं तरी हूं की चूं नाही. फक्त त्यांच्या कात्रीला कुणी हात लावायचा नाही. चांगली हातभर लांब, काळ्या मुठीची, वजनदार कात्री आहे ती. कटरची कात्री दुसऱ्याच्या हातात गेली की तिची चाल बिघडते, असं त्यांना काम शिकवणाऱ्या उस्तादांनी एकदा सांगितलं आणि यांनी ते काळजावर कोरून घेतलं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी भोळेपणानं ती पुठ्ठा कापायला उचलली, तर नवरोजी असे ओरडले की मला वाटलं यांना विंचू चावला. तेव्हापासून मी तिच्या वाटेला गेले नाही. धारवाल्याच्यासुद्धा हातात द्यायची नाही म्हणून धार हे स्वतःच दगडावर लावायचे.

गेल्या वर्षी यांचा उजवा हात बिघडला. मला सांगितलं असेल तर शपथ! मला कळलं ते कपांवरून. महिन्याभरात तीन कप फुटले. प्रत्येक वेळी एकच उत्तर, "निसटला." मी म्हटलं, "कप काय साबणाचे आणलेत का मी?" मग एकदा पहाटे जाग आली तर हे पलंगावर उठून बसलेले, हात झटकताहेत, पाणी झटकावं तसा. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झालेली. मुंग्या येऊन येऊन झोप मोडायची आणि हा माणूस मला उठवायला नको म्हणून अंधारात गप्प बसून राहायचा. आणि दिवसा मी काय करत होते? "काय गोगलगायीसारखे कापताय, माझं मशीन रिकामं बसलंय," असं म्हणून या माणसाच्या मागे लागले होते. आजही ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

ओढत नेलं हाताच्या डॉक्टरांकडे. डॉक्टर म्हणजे तशी तरुण मुलगी, पण नजर तीक्ष्ण. तिने यांचा अंगठा दाबून पाहिला आणि अंगठ्याखालचा मांसल भाग थोडा बसलाय ते मला दाखवलं. मनगटातून जाते ती शीर दबली आहे, म्हणाली. कात्री बघायची होती तिला. दुकानातूनच आलो होतो, यांनी पिशवीतून काढून दाखवली, पण तिने हात पुढे केला तसा स्वतःचा हात मागे. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागली. मी कपाळाला हात लावला.

"असू दे, काका, तुम्हीच कापून दाखवा," ती म्हणाली. यांनी एक चिंधी कापली. ती बघत राहिली. मग तिने सांगायला सुरुवात केली. धार गेलीये, म्हणून जोर लागतो. स्क्रू घट्ट आहे, म्हणून आणखी जोर. कापडाचे आठ थर एकदम कापायचे नाहीत. मनगट वाकवायचं नाही. टेबल कोपराच्या जरा खाली हवं. वीस मिनिटं झाली की हात सोडायचा, बोटं ताणायची. आणि आता सहा आठवडे कात्रीच नाही, मनगटाला पट्टा. "नाहीतर काका, अंगठ्याचा जोर गेला की ऑपरेशन करूनही सगळा परत येईल असं मी सांगू शकत नाही." हे खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, भिंतीशी बोलतेय बिचारी.

आणि झालंही तसंच. घरात पट्टा मनगटाला, दुकानात पट्टा खिशात. वर एका हॉटेलच्या चाळीस जाकिटांचं काम आलेलं. मी ओरडले, रडले, दोन दिवस अबोला धरला. मास्तर आपले आठ थर अंथरताहेत, खडूने आखताहेत, कापताहेत. "एवढं काम झालं की बसतोच," म्हणायचे. हात जाईल यांचा आणि मी समोर बसून कॉलर शिवत राहीन, या विचाराने माझा दोरा दर दोन मिनिटांनी तुटत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी कात्री हातातून पडली. पायापासून वीतभर अंतरावर टोक फरशीवर आपटलं. हे खाली बघत उभे राहिले, उचलायला वाकले, आणि बोटांना मूठच धरता येईना. दोनदा प्रयत्न केला. मग तसेच उकिडवे बसून राहिले.

मी मशीनवरून उठले. "द्या इकडे," म्हटलं. "मी कापते."

वाटलं, आता पुन्हा विंचू चावणार. पण त्यांनी मान हलवली. म्हणजे हो म्हटलं! मी कात्री उचलली. बाई गं, काय ते वजन! खडूच्या रेघेवर लावली आणि दाबली. दाबली कसली, झोंबले तिच्याशी. कात्रीच्या चौथ्या घासाला अंगठ्याच्या मुळातून कळ निघाली ती कोपरापर्यंत.

"अहो, ही कात्री आहे की गंजलेली पकड?" मी म्हटलं. "याने कापत होतात तुम्ही?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. चेहराच पालटला त्यांचा. "ठेव. ठेव आधी खाली," म्हणाले आणि कात्री माझ्या हातातून काढून घेतली. गेली संधी, मला वाटलं. पण त्यांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळली, बगलेत मारली आणि तडक चौकातल्या धारवाल्याकडे गेले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा! अर्ध्या तासाने परत आले ते येताना एक जाड फळी घेऊन. फळी टेबलापाशी टाकली. "यावर उभी राहा. तू बुटकी आहेस, कोपर टेबलाच्या वर आलं पाहिजे."

मी उभी राहिले. त्यांनी डाव्या हाताने आठ थर सोडवून दोन केले. कात्रीचा स्क्रू धारवाल्याने सैल करून दिला होता, तो पुन्हा तपासला. "मनगट सरळ. सरळ म्हणजे सरळ. टोकाने कापू नको, कापड पात्यांच्या मुळाशी घे." मोबाईलवर गजर लावला. गजर वाजला तेव्हा जाकिटाची बाही अर्धी कापून व्हायची होती, तरी कात्री ठेवायला लावली. मग माझा हात स्वतःच्या हातात घेतला आणि एकेक बोट मागे ताणायला लागले. दहा मोजायचे, सोडायचे. अंगठा आत, मूठ, मनगट खाली. त्या डॉक्टर मुलीने दाखवलं होतं त्याच क्रमाने. एक गोष्ट चुकली नाही.

"म्हणजे सगळं ऐकलं होतं तुम्ही," मी म्हटलं.

"ऐकलं होतं की."

"मग स्वतः का नाही केलंत? मी काय वेड्यासारखी ओरडत होते का?"

"अगं, माझं काय. चालतंय तोवर चालतंय." त्यांचा अंगठा माझ्या तळव्यावर टेकलेला होता, त्यात जोर म्हणून नव्हता. "तुझा हात दुखायला लागला तर मला नाही बघवणार."

"आणि मला बघवत होतं, नाही का?"

रागानेच म्हटलं मी. रडत रडत, पण रागाने. या माणसाला खरंच कधी सुचलं नव्हतं हे. मी समोर बसून सगळं बघतेय, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं.

मग मास्तरांनी खिशातून पट्टा काढला. एका हाताने बांधता येईना, म्हणून मनगट माझ्यापुढे धरलं. मी बांधून दिला. फार घट्ट नको, असं डॉक्टरच म्हणाली होती, म्हणून आत एक बोट जातंय ना ते पाहिलं.

"सहा आठवडे," मी दम दिला.

"सहा आठवडे," ते म्हणाले. "तू काप. मी बघतो."