खाल्ल्या मिठाला

माझी सासू धोंडुबाई एकदा दिलेला शब्द मोडत नाही. फार चांगला गुण, असं लोक म्हणतात. त्यांनी तिच्या घरात चार दिवस नांदून बघावं. सरपंचाच्या निवडणुकीचं मतदान, सगळं गाव शाळेकडे निघालेलं, आणि ही उंबऱ्यात बसून. माझं डोकंच फिरलं.

"मी येत नाय गो सरू," ती म्हणाली. "आलं तर काळुरामचंच बटन दाबावं लागंल. शपथ घेतलीय."

काळुराम म्हणजे आमचा मागचा सरपंच. खाडीच्या बांधाला खांड पडली, चांगलं बैलगाडी जाईल एवढं भगदाड, आणि भरतीचं पाणी आमच्या भातशेतात शिरलं. दुरुस्तीला सरकारी पैसा आला. बांध कागदावर बांधून झाला आणि काळुरामच्या दारात नवी गाडी आली. आमच्या शेतात मात्र दोन पावसाळे दाणा पिकला नाही. हाच पुन्हा निवडून आला तर तिसराही गेलाच. त्याच्यासमोर उभी होती मैना. तिने पेणच्या कचेरीत खेपा घालून बांधाचे कागद मिळवले होते आणि देवळासमोर मोठ्याने वाचून दाखवले होते.

त्यावर काळुरामने तोड काढली. परवा गावाला मटणाचं जेवण घातलं. सगळे जेवले, मीही जेवले, खोटं कशाला बोलू? हात धुतले तसं त्याने मिठाचं ताट मांडलं आणि एकेकाला त्यावर हात ठेवून म्हणायला लावलं, "खाल्ल्या मिठाला जागीन." आम्ही मिठागरात राबणारी माणसं. देवाची शपथ एक वेळ विसरू, मिठाची नाही. हे त्या लबाडाला पक्कं ठाऊक होतं.

"आई, त्यानं गाव लुटला. त्याला कसली शपथ?"

"त्याचं पाप त्याच्यापाशी. माझी जीभ माझी हाय." मग हळूच म्हणाली, "शेताचं मला वाईट वाटत नाय काय गो?"

डोळे भरले होते तिचे. मला तिची कीव आली आणि रागही आला.

"एवढं काय होतं त्या मटणात? तुमी रांधलं म्हणून चव आली. त्या केरूनं तर मीठसुद्धा..."

मी बोलता बोलता थांबले. काळुरामचा माणूस केरू बाजारातून बोकड, तांदूळ, नारळ, सगळं घेऊन आला होता. मीठ तेवढं नाही. "मिठागरवाल्यांच्या गावात मीठ कोन इकत आनतो?" असं वर मलाच म्हणाला होता. म्हणून मी घरातून घमेलंभर मीठ नेलं. ताटातलं मीठही त्यातलंच.

"आई, ताटातलं मीठ आपल्याच घरचं!" मी ओरडले. सासूने आधी डोळे मोठे केले. मग पदर तोंडाला लावून हसायला लागली, मग पदर सोडून.

"म्हंजी आपून आपल्याच मिठाला जागायचं!"

"आनि काळुरामपन जेवला की तेच!"

"चल गो, चप्पल घाल!"

शाळेच्या रांगेत ही गोष्ट पुढून मागे पोचायला पाच मिनिटंही लागली नाहीत. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. फाटकाबाहेर काळुराम हात जोडून उभा होता.

"मावशे, मिठाला जागशील ना?"

"जागनार तर!" सासू ठणकावून म्हणाली.

काळुराम एकवीस मतांनी पडला. वाजतगाजत, गुलालाने माखलेली मैना आमच्या दारात आली, पाया पडली आणि पेढा पुढे केला. सासूने तो घेतला नाही. आत जाऊन मूठभर मीठ आणलं आणि मैनेच्या हातावर ठेवलं.

"खा. आजपातूर आमीच जागत आलो, आता तू जाग. उद्या ओहोटीला बांधावर ये. आमीबी घमेली घेऊन येतो, नुसतं मत टाकून घरी बसनार नाय."

मैनेने चिमूटभर नाही, चांगला घास तोंडात टाकला. तिचं तोंड असं वाकडं झालं की ढोलवालासुद्धा हसायला लागला.

"खारट लागतंय?" सासूने विचारलं.

"व्हय मावशी. पानी दे."

"देते. माझ्या शेताला दोन वर्सं तसंच लागतंय."