तज्ज्ञांनी खाल्लेलं बी

त्या दत्तात्रय साहेबाचं नाव माझ्यासमोर काढू नका, तोंड कडू होतं. आमच्या कुंभारवाड्याला बस धड येत न्हाई, आन् हा बाबा जीपगाडीतनं उतरला. त्र्याण्णव साल, नुकतीच होळी झालेली. शाळंत पाच दिसांचं शिबिर, 'होतकरू समाज-उद्योजकांसाठी'. म्हंजे गावाचं भलं करायचं आन् त्यातनंच धंदाबी करायचा. पयल्या दिशी परत्येकाला एक फाईल, एक पेन आन् एक बिस्कीटपुडा दिला. त्यातला बिस्कीटपुडा तेवढा कामाचा निघाला.

भिंतीवर भला मोठा कागद लावून साहेबानं लिवलं, 'तुमच्याजवळची साधनं'. खाली यादी: जंगल, ऊन, शेण, बांबू, महिला. मी सातवी शिकलेली हाय, मला वाचता येतं. जळलं मेलं ते साधन! शेणाच्या खाली दोन ओळी माझा नंबर. तरीबी मी पाच दिस मान डोलावत बसले. लाज वाटते, पन सांगते.

माझी धाकटी जाऊ फुला आली न्हाई. "अक्का, कुळीथ काढायचा पडलाय. फाईल तुलाच लखलाभ," म्हनाली. अडानी ती अडानीच ऱ्हायची, असं मी चार बायांत बोलून दाखवलं.

तिसऱ्या दिशी साहेबाला आमचा कोन दिसला. कोन म्हंजे जमिनीतला कंद. पावसाआधी लावायचा, थंडीत काढायचा, चांगला मांडीएवढा होतो. साहेब उडालाच. "कल्पना! याच्या चकत्या तळायच्या, पाकिटात भरायच्या आणि बेंगळुरात विकायच्या!" का, बेंगळुरातले बटाटे संपले व्हते? पन ज्याची कल्पना पयली येईल त्याला तळनीचं यंत्र मिळनार, पेपरात फोटो येनार, म्हनाला. माझ्या डोक्यात ते यंत्रच घरघरायला लागलं. "रुक्माबाई, समारोपाला तुमच्या घरचा सगळ्यात मोठा कोन मांडा."

सगळ्यात मोठा काय आन् सगळ्यात ल्हान काय, घरात एकच कोन होता. त्या साली रानडुकरांनी वाफा उकरून बाकीचे फस्त केले. हा एक बियान्याचा, राखेत घालून माळ्यावर ठेवलेला. पांढऱ्या कोनाचं बी, सासूच्या सासूपासनं आमच्या घरात चालत आलेलं. भावकीभायेर गावात सगळा तांबडा. हे बी गेलं म्हंजे आमच्या घरातनं संपलंच. मी साहेबाला दहादा बजावलं, "हे बी हाय. नुसतं बघायला. राखसुद्धा पुसायची न्हाई."

"हो हो हो," साहेब म्हनाला. त्याला तेवढंच येत होतं.

समारोपाच्या दिशी मला मास्तरांच्या खोलीत बसवून सात कागदांवर सह्या घेतल्या. भायेर आले तर पाहुने चकत्या खात होते. पांढऱ्या चकत्या. टेबलावर माझ्या कोनाची साल पडलेली, राख धुतलेली.

"प्रात्यक्षिक!" साहेब दात काढून म्हनाला. गळ्यात टाय बांधलेला एक तज्ज्ञ बोटं चाटत होता. "मीठ जरा कमी आहे," त्यानं निकाल दिला.

"अवो, ते बी होतं!" मी वरडले.

"मग बाजारातून दुसरं आणा की, बाई."

बाजारातनं! आरं मुडद्या, आमच्यात बी विकत न्हाईत. पन टाळ्या सुरू झाल्या व्हत्या. माझा पयला नंबर आला. हातात सर्टिफिकेट दिलं, यंत्र 'मागनं येईल' म्हनाले. जीप धुरळा उडवत गेली. यंत्र अजून मागनंच येतंय.

वैशाख सरत आला. वाफा खनून तयार, लावायला काय न्हाई. पांढरं बी आता एकाच घरात होतं, फुलाच्या.

आमच्यात बी हातात देत न्हाईत. मागनारीनं पदर पसरायचा, देनारीनं त्यात घालायचं. आठ वर्सांमागं वाटन्या झाल्या तवा फुलानं माझ्यासमोर पदर पसरला होता. घरात टोपलीभर कोन होते. मी तिला काय दिलं? दोन बोटांएवढा, एका डोळ्याचा, सुकलेला तुकडा. वर म्हनले, "जगला तर जगला." तेवढ्यातनं तिनं वाफा उभा केला.

गेले तिच्या दारात. ती अंगन सारवत होती.

"फुले, बी पायजे."

तिनं मान वर केली. "फाईल आनलीस का गं, अक्का?"

मी पदर पसरला. पयल्या नंबरची रुक्मा, पदर पसरून उभी. फुला हात धुऊन आत गेली. लई येळ भायेर आली न्हाई. आतनं माळ्यावरच्या फळ्या वाजल्या, मग काय सुदीक न्हाई. मला वाटलं, न्हाई देत ही. आन् न देऊन्शान तिनं बरूबरच केलं असतं.

मग ती आली. हातात अख्खा कोन, राखेत लडबडलेला, पाच ठिकानी डोळे फुटलेले. पदरात घातला तसा पदर खाली वढला गेला.

"चाकू घेतला होता मी हातात," फुला म्हनाली. "तू दिला व्हतास तेवढाच तुकडा तुला कापून देनार होते. मग वाटलं, तेवढ्यातनं एक बार जगलं, दुसऱ्या बारी जगंलच असं न्हाई."

आन् ती परत सारवायला बसली.

वाटेत साहेबाला शिव्या घालायला तोंड उघडलं, पन एकबी शिवी भायेर येईना. त्या येड्याला बी म्हंजे काय हेच कळत न्हवतं. मला कळत होतं, फुलाला तो सुकलेला तुकडा देतानाबी.