जुना माल आधी

माझ्या सासऱ्यांनी माझ्याशी अबोला धरला त्याला चार महिने होऊन गेले होते. घरात कॉम्प्युटरच्या भागांची खोकी आली ती त्या अबोल्यामुळेच.

सासऱ्यांनी अडतीस वर्षं टँकर चालवला. निवृत्त झाल्यावरही घरची गाडी तेच चालवायचे आणि शेजारी बसलेल्याला ब्रेक कसा दाबावा हे न विचारता शिकवायचे. एका दुपारी गाडी मागे घेताना त्यांनी ती फाटकाच्या खांबावर घातली. खांबाला टेकवून ठेवलेल्या ठमीच्या सायकलचा चुराडा झाला. ठमी म्हणजे माझी लेक, सोळा वर्षांची. ती दोन मिनिटांपूर्वीच सायकल लावून आत आली होती. ही दोन मिनिटं मी अजूनही अधूनमधून मोजत बसते.

"ऊन डोळ्यांवर आलं," सासरे म्हणाले. चेहरा पांढराफटक, आणि गाडीचं दार असं घट्ट धरलेलं की सोडलं तर पडतील. त्यांना चक्कर आली होती हे आंधळ्यालाही कळलं असतं. पण ते स्वतः कबूल करायला तयार नाहीत. डॉक्टरांनी एक वही ठेवायला सांगितली: चक्कर आली की तारीख आणि वेळ लिहा, म्हणजे औषध कमीजास्त करता येईल. वही आम्ही फ्रिजला दोरीने बांधली. चार महिने ती कोरीच होती.

फाटकाच्या दुसऱ्या दिवशी मी खुंटीवरची गाडीची चावी काढून घेतली. मी बस डेपोत स्टोअरकीपर आहे. चावी मी स्टोअरच्या कपाटात ठेवली आणि सवयीने वर कार्डही लावलं: चावी, एक नग. नवरा बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने बाहेर. त्यामुळे वाईटपणा घ्यायला घरात मीच होते, आणि घेतला.

तेव्हापासून "सूनबाई" हा शब्द बंद. जे काही असेल ते ठमीमार्फत. मी समोर बसलेली असतानाही, "तिला सांग, भाजीत मीठ नाही." मग मी म्हणायची, "आजोबांना सांग, मीठ तुमच्या हाताशी आहे." ठमीने एकदा वैतागून दोघांकडे या कामाचा पगार मागितला.

ठमीनेच आजोबांना तिच्या मैत्रिणीकडचा ट्रक चालवायचा गेम दाखवला. टेबलाला लावायचं स्टिअरिंग, खाली पेडल, पडद्यावर रस्ता. सासरे तिथून आले ते तरंगतच. जेवताना म्हणाले, "तिला सांग, तसलं यंत्र घ्यायचंय. पैसे माझे."

"तयार घेऊ नको आई," ठमी म्हणाली, "पार्ट निवडून जोडला की चांगला होतो. फक्त सगळे एकमेकांना चालायला हवेत."

पार्ट एकमेकांना चालायला हवेत! हे ती कोणाला सांगत होती? एकोणीस वर्षं मी दुसरं काय केलंय? कुठल्या बसला कुठलं बेअरिंग, कुठल्या वर्षाच्या इंजिनला कुठला फिल्टर, हे मला झोपेतून उठवून विचारा. माझ्या खिडकीतून चुकीचा पार्ट कधी गेला नाही, आणि हे मी डेपोत सगळ्यांना ऐकवून झालेलं आहे. मी तिला म्हटलं, यादी मी करणार. खरं कारण वेगळं होतं. चावी मी काढून घेतली होती, तर चाकही मीच हातात द्यावं, असं वाटत होतं. म्हणजे मग ते बोलतील. मला त्यांच्या बोलण्याची फार सवय होती, आणि ती गेल्यावर घर ओकंओकं वाटायचं.

आठ दिवस मी यादीवर बसले. आधी प्रोसेसर, म्हणजे या यंत्राचं इंजिन. तो ज्या पाटीवर बसतो तो मदरबोर्ड. त्याचा सॉकेट, म्हणजे बैठक, प्रोसेसरला जुळायला हवा. मग रॅम. रॅमच्या पट्टीला खाच असते आणि ती पिढीगणिक सरकते, त्यामुळे जुनी पट्टी नव्या बोर्डात बसतच नाही. ही सोय मला फार आवडली. बसचे पार्ट करणाऱ्यांना कोणीतरी दाखवायला हवी. ग्राफिक्स कार्ड एकतीस सेंटिमीटर लांब, कॅबिनेटमध्ये जागा तेहतीस, पण पुढच्या पंख्याने त्यातले अडीच खाल्ले. कॅबिनेट बदललं. प्रोसेसरवरचा कूलर उंच निघाला, दार लागेना. कूलर बदलला. सगळ्यांची भूक मिळून किती वॅट होते ते मांडलं आणि त्यावर थोडा हात सैल सोडून पॉवर सप्लाय निवडला.

ठमीला कॅबिनेटच्या आत रंगीत दिवे हवे होते. सासरे म्हणाले, "तिला सांग, दिवे गाडीच्या बाहेर असतात. आत दिवे लावून कोण गाडी चालवतं?" हे त्यांनी ठमीकडे बघून म्हटलं, पण हसू आवरत नव्हतं. मी त्यातच खूश झाले.

दुकानदार जाड चष्म्याचा, कमी बोलणारा माणूस. माझी यादी त्याने वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाला, "कोणी करून दिली?"

"मीच केली."

"एकही चूक नाही," तो म्हणाला. मी उगीचच पदर सारखा केला.

त्याने एकेक खोकं काढून काउंटरवर ठेवलं. मदरबोर्डची दोन खोकी फडताळात होती, एकामागे एक, नंबर अक्षर न् अक्षर सारखा. तेवढ्यात त्याला फोन आला. "त्यातलं घ्या," हात करत तो आत गेला. पुढच्या खोक्यावर एक चकचकीत स्टिकर होता: नव्या प्रोसेसरसाठी सज्ज. मागच्यावर काही नव्हतं, पण तळाशी तारीख होती, दीड वर्षापूर्वीची. मी मागचं काढलं. स्टोअरमध्ये जुना माल आधी बाहेर जातो. तो तसाच राहिला तर पडून पडून भंगारात जातो, आणि मग वरचे साहेब विचारतात. एकोणीस वर्षं हात मागच्या खोक्याकडेच जातो. आणि स्टिकर बघून माल उचलायला मी काय नवखी होते?

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर आम्ही मायलेकींनी यंत्र जोडलं. दोन तास लागले. सासरे मधूनमधून यायचे, हात मागे बांधून बघायचे, जायचे. शेवटी आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. पायात बूट. घरात, रविवारी, बूट! खुर्ची ओढून ते स्टिअरिंगसमोर बसले, आरसा नव्हता तिथे सवयीने एक नजर टाकली आणि ताठ झाले.

मी बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच राहिला.

केबल काढून लावली. रॅम काढून बसवली. ग्राफिक्स कार्ड काढून पुन्हा दाबलं. पंखे आपले मजेत फिरत होते, बोर्डाच्या कोपऱ्यात प्रोसेसरच्या नावाचा एक लाल दिवा पेटत होता आणि पडद्यावर आमचीच तीन तोंडं दिसत होती. तासभर हे चाललं. सासरे तासभर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले होते.

मग त्यांनी हात काढले. "तिला सांग, राहू दे," ते म्हणाले, वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या आणि बूट हातात घेऊन आपल्या खोलीत गेले. मला रडूच फुटलं. ठमी म्हणाली, "आई, कॉम्प्युटरसाठी काय रडतेस?" मी म्हटलं, कॉम्प्युटरसाठीच रडतेय, तू गप्प बस.

दुपारी बोर्ड पिशवीत घालून मी दुकानात गेले. भांडायच्याच तयारीने गेले होते, खोटं कशाला सांगू? चष्मेवाल्याने खोक्याचा तळ वाचला आणि माझ्याकडे बघितलं.

"बाई, पुढचं का नाही घेतलंत? मुद्दाम पुढे ठेवलं होतं."

"हे जुनं होतं म्हणून."

"जुनं होतं म्हणून घेतलंत?"

मी त्याला स्टोअरचा नियम सांगितला. तो काउंटरला टेकून इतका हसला की चष्मा काढून पुसावा लागला. मग नीट समजावलं. बोर्ड तोच, सॉकेट तोच, नंबर तोच. पण बोर्डात कारखान्यातूनच काही माहिती भरलेली असते, त्या दिवसापर्यंतच्या प्रोसेसरांची. तुमचा प्रोसेसर त्यानंतर बाजारात आला. तो बसलाय नीट, पण बोर्ड त्याला ओळखत नाही. नवी माहिती पेन ड्राइव्हवरून भरता येते. मागे एक बटण आहे, ते दाबून धरायचं. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज बंद करायची नाही. पेन ड्राइव्ह त्याने भरून दिला. वर म्हणाला, "यादीत खरंच चूक नव्हती हो." ते मला जास्तच झोंबलं.

रस्ताभर मी दुसऱ्या कोणावर ढकलता येतंय का ते बघितलं. दुकानदाराने खोकं आपल्या हाताने द्यायला हवं होतं. कंपनीने नंबर बदलायला हवा होता. स्टिकर मोठा हवा होता. घराजवळ फाटक आलं, खांबाचा उडालेला टवका दिसला, आणि मला माझीच लाज वाटली. ऊन डोळ्यांवर आलं म्हणण्यासारखंच झालं की हे.

मी सरळ सासऱ्यांच्या खोलीत गेले. ते पलंगावर बसले होते. ठमीला हाक न मारता मी बोलले.

"बाबा, चूक माझी झाली. पुढचं खोकं बरोबर होतं. मी जुना माल आधी म्हणून मागचं काढलं. त्यावर लिहिलेलं वाचलं होतं, तरी काढलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा चुकीचा पार्ट दिला, आणि तो घरात दिला."

ते माझ्याकडे बघत राहिले. चार महिन्यांत त्यांनी माझ्याकडे एवढा वेळ बघितलं नव्हतं.

बोर्ड पुन्हा बसवून मी पेन ड्राइव्ह लावला आणि बटण दाबून धरलं. दिवा लुकलुकायला लागला. सासरे बाहेर येऊन खुर्चीवर बसले, या वेळी अनवाणी. सहा मिनिटं आम्ही तिघं त्या दिव्याकडे डोळ्यांत तेल घालून बघत होतो. ठमीने तर पंख्याचं बटणसुद्धा कोणाला लावू दिलं नाही. दिवा थांबला. यंत्र सुरू केलं, आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. ठमी किंचाळली. सासऱ्यांनी नुसती मान हलवली आणि बूट आणायला गेले.

तीन दिवस ते ट्रक चालवत होते. सिग्नलला थांबायचे, वळणाआधी दिवा द्यायचे, पडद्यावरच्या गाड्यांना नावं ठेवायचे. ठमीला मात्र अजूनही सांगत होते, "तिला सांग, चहा ठेव." मी चहा ठेवत होते. मनात म्हटलं, चाक दिलं, चूकही कबूल केली, आता यापुढे माझ्याकडे देण्यासारखं काही नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ठमी क्लासला गेली होती. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मटार सोलत होते. सासरे एका लांब उतारावर होते, मागे भरलेला टँकर. मध्येच ते गप्प झाले. मी मान वर केली. चेहरा पांढराफटक पडला होता, अगदी फाटकाजवळ होता तसा. पण हात घट्ट होते. त्यांनी बाजूचा दिवा दिला, पडद्यावरच्या आरशात बघितलं, हळूहळू वेग कमी करत गाडी रस्त्याच्या कडेला आणली, ब्रेक लावला आणि इंजिन बंद केलं. मग डोळे मिटले.

मी उठून त्यांच्या खांद्याला धरलं. मटार जमिनीवर सांडले.

"सूनबाई," ते डोळे न उघडता म्हणाले, "वही आण."

मी फ्रिजची दोरी सोडवायच्या फंदात न पडता तोडलीच. पेन सापडेना, मग ठमीच्या खणातली पेन्सिल काढली. "या खेळाने झालं असेल," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. त्यांना एक वाट द्यावी असं वाटलं.

"खेळाचं नाही. तीच आहे ती. मी ओळखतो तिला."

मी पहिलं पान उघडलं, घड्याळात बघितलं आणि आजची तारीख लिहायला घेतली. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून पेन्सिल थांबवली.

"आधी जुनी लिही," ते म्हणाले. "फाटकाच्या दिवशीची."

तारीख मला पाठ होती. मी लिहिली.