शेपटाचं जाकीट

मला सगळे शेपूट म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि मी ओ देते. चौतीस वर्षं नर्सची नोकरी केली, तेव्हा पाठीमागून याहून वाईट नावं ठेवली गेली, ती मला माहीत नाहीत असं उगाच कोणी समजू नये.

ज्या मुलांच्या घरचं कोणी गेलंय, आई, बाप, भाऊ, कोणीही, अशांसाठी आमच्या भागात एक केंद्र आहे. दोन खोल्या, एक गच्ची आणि एक समुपदेशक ताई. शनिवारी मुलं येतात, चित्रं काढतात, उशा बडवतात, कधी बोलतात, बहुतेकदा बोलत नाहीत. ते केंद्र चालावं म्हणून वर्षातून एकदा पाच किलोमीटरची शर्यत होते. मोठी माणसं वर्गणी भरून धावतात आणि केंद्रातली मुलंही धावतात. मी सगळ्यांच्या मागे चालते. अंगात नारिंगी जाकीट, पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘शेवट’, हातात वॉकीटॉकी. माझ्या मागे फक्त टेम्पो. मी पुढे सरकले की टेम्पोवाला रस्त्यावरचे शंकू उचलतो आणि त्या मागचा रस्ता गाड्यांना मोकळा होतो.

आमचा नियम एकच आहे, आणि तो मी केलाय. मूल शेवटचं येता कामा नये. पहिल्या वर्षी एक मुलगा शेवटचा आला होता. तो कमानीपाशी पोचला तर दोनशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली, जिंकणाऱ्याला वाजवल्या त्याहून जोरात. माणसं चांगली होती, पण चांगल्या माणसांना कधी थांबायचं ते कळत नाही. मुलगा तिथेच मटकन खाली बसला आणि त्याने तोंड झाकून घेतलं. घरीदारी, शाळेत, सगळीकडे त्याला तशाच दयेच्या टाळ्या मिळत होत्या, आता इथेही. मी ताईला म्हटलं, पुढच्या वर्षीपासून शेवटची मी येणार. तेव्हापासून दहा वर्षं मी शेवटची येतेय. एकदाही चुकले नाही. असा विक्रम कोणाच्या नावावर असेल तर दाखवा.

तर यंदाची गोष्ट. सुटायच्या आधी ताईने मला बाजूला घेतलं आणि एका मुलीकडे नजरेने खूण केली. दहा वर्षांची, पायांच्या काड्या, केस घट्ट बांधलेले.

“आठ महिने झाले वडिलांना. अजून त्याबद्दल एक शब्द नाही बोललेली. तुम्ही काही विचारू नका हं.”

“मी कधी कोणाला काही विचारते?”

ताई दुसऱ्या मुलाचा नंबर लावायला वळली. ती शहाणी आहे.

साडेसातला शिट्टी झाली. पहिला किलोमीटर ठीक गेला. पुढचे भन्नाट सुटले, मधले गप्पा मारत गेले, मागे राहिलं एक म्हातारं जोडपं, बाबागाडी ढकलणारा एक बाप आणि ती मुलगी. मला आधी वाटलं, दमली असेल. मग लक्षात आलं की ही दमलेली नाही, ही रेंगाळतेय. बुटाची नाडी तिने तीनदा सोडली आणि तीनदा बांधली. चांगली दुहेरी गाठ मारलेली नाडी आपोआप सुटत नाही. बाबागाडी पुढे गेली. पाण्याच्या टेबलापाशी म्हातारं जोडपंही पुढे गेलं, आजोबांचा पाय दुखत होता तरी गेलं. मग ती पदपथाच्या कडेला बसली आणि चौथ्यांदा नाडी सोडली.

मी थांबले. माझ्या मागे टेम्पो थांबला.

“झालं का?” मी विचारलं.

“तुम्ही जा ना पुढे.”

“मला पुढे जाता येत नाही. मी शेवट आहे. पाठीवर लिहिलंय, वाच.”

“मलाही शेवटीच यायचंय,” ती म्हणाली.

आता आली का पंचाईत. टेम्पोवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “सिस्टर, घोडं कुठे अडलं? नऊला रस्ता सोडायचाय. उशीर झाला तर माझी खरडपट्टी निघेल.”

“निघू दे जरा. वर्षभर निघत नाही तुझी.”

तो हसला आणि त्याने इंजिन बंद केलं. पाण्याच्या टेबलावरची मुलंमुली पेले गोळा करून निघून गेली. रस्ता रिकामा. एका बाजूला बंद दुकानांची शटरं, दुसऱ्या बाजूला कपडे वाळत घातलेल्या गॅलऱ्या. मध्ये आम्ही दोघी, एकीला उठायचं नाही आणि दुसरीला हलायचं नाही. मला राग आला. माझ्या नाकावर तो असतोच. गुडघाही ठणकत होता.

“हे बघ,” मी म्हटलं, “शेवटी येण्यात काही मजा नसते. लोक टाळ्या वाजवतात.”

“वाजवू दे.”

“तुला वाटतं तेवढं सोपं नाही ते.”

“माझ्या मागे कोणी नको,” ती म्हणाली. अगदी सरळ म्हणाली, दुकानदाराला पिशवी नको म्हणावं तशी.

मी काही विचारणार नव्हते. ताईला शब्द दिला होता. मी नुसती तिच्या शेजारी पदपथावर बसले, गुडघ्याने शिव्या दिल्या त्या ऐकून घेतल्या. वॉर्डात मी एक गोष्ट शिकले. माणूस बोलायला लागण्याआधी जरा वेळ जातो, आणि त्या वेळात आपण तोंड उघडलं तर ते बोलणं गेलंच.

“आमचा खेळ होता,” ती नाडीशी बोलल्यासारखी बोलायला लागली. “शाळेच्या फाटकापासून घराच्या दारापर्यंत. बाबा आणि मी. रोज. जो आधी दाराला हात लावेल तो जिंकला.”

“बाबा मुद्दाम हरत असणार.”

“कधी कधी. मला कळायचं.” तिने नाडीला एक गाठ मारली. “नियम एकच होता. वळून बघायचं नाही. वळून बघितलं की हरलं.”

मी गुडघा चोळत राहिले.

“त्या दिवशी मी खूप जोरात पळाले. दाराला हात लावला. पाणी प्यायले. आईला सांगितलं, मी जिंकले. मग दाराच्या मागे लपले, ते आले की भॉक करायला.”

“किती वेळ लपलीस?”

“खूप वेळ. मला वाटलं, तेही लपलेत.”

तिचा बाप कोपऱ्यावरच्या दुकानासमोर कोसळला होता, हृदय बंद पडून. हे मला नंतर ताईने सांगितलं. त्या वेळी मला एवढंच कळलं की या पोरीच्या मागे जो कोणी असेल तो तिच्या लेखी मरू शकतो, आणि मी तिच्या मागे चालायचा हट्ट धरून बसले होते. मला स्वतःचा राग आला, नियमाचा आला, आणि त्या बापाचाही आला, जो बिचारा मेलाय आणि ज्याने काही केलेलं नाही.

वॉकीटॉकी खरखरली. ताई विचारत होती, “शेपूट कुठंय? आजी-आजोबा दिसायला लागले. आता फक्त एक मूल बाकी आहे.”

“येतोय,” मी म्हटलं आणि बटण बंद केलं.

मूल शेवटचं येऊ द्यायचं नाही, हा माझा नियम. माझ्या मागे कोणी नको, हा तिचा. दोन्ही पाळायचे तर एकच रस्ता होता, आणि तो मला सुचायला दहा मिनिटं लागली. वय झालं की डोकंही पाय ओढतं. मी जाकीट काढलं.

“उभी राहा. हात वर कर.”

जाकीट तिला गुडघ्यांपर्यंत आलं. पाठीवरचा ‘शेवट’ कमरेच्या खाली गेला.

“आता नीट ऐक. हे ज्याच्या अंगात असतं तो शर्यतीत नसतो. तो कामावर असतो. आता शेपूट तू. टेम्पो तुझ्या मागे, त्याची घरघर न वळताही ऐकू येते, बाकी सगळी माणसं तुझ्या पुढे. कोणी बसलं, कोणी पडलं, तर तू बघायचंस. झेपेल?”

“आणि तुम्ही?”

“मी धावणारी.”

तिने माझ्या गुडघ्यांकडे बघितलं. “धावणारी?”

“उचलली जीभ लावली टाळ्याला. चालणारी म्हण.”

वॉकीटॉकीही तिच्या हातात दिली. मी टेम्पोवाल्याला ओरडून सांगितलं की आजपासून तुझी साहेब ही. त्याने कपाळाला हात लावून तिला सलाम ठोकला आणि इंजिन चालू केलं.

“नियम लक्षात आहे ना?” मी निघाले तेव्हा ती मागून म्हणाली. “वळून बघायचं नाही.”

“तो तुझा खेळ, माझा नव्हे.”

“आता तुमचाही.”

मी चालायला लागले. दहा वर्षांत मी या रस्त्यावर पहिल्यांदाच कोणाच्या तरी पुढे होते, आणि ते मला जमेना. माझी नजर मागून बघणाऱ्याचीच झालेली. मागून तिच्या बुटांचा आवाज येत होता, त्यामागे टेम्पोची घरघर. मी मनात पावलं मोजत गेले. बँकेच्या कोपऱ्यावर वळले, शाळेची भिंत लागली, लांब टोकाला कमान दिसायला लागली आणि पावलांचा आवाज थांबला.

मी स्वतःला म्हटलं, थांबली असेल. नाडी असेल. चौतीस वर्षांची सवय म्हणाली, बघ. तिने म्हटलेलं होतं, बघू नका. मी तीन पावलं टाकली. चौथं टाकता आलं नाही.

मी वळले. ती रस्त्याच्या मधोमध वाकून टेम्पोतून पडलेला शंकू उचलत होती, आणि टेम्पोवाला तिला तो कसा रचायचा ते दाखवत होता. तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. बघत राहिली. मी पुन्हा तोंड फिरवलं, चोरी पकडल्यासारखी.

नऊला सहा मिनिटं कमी असताना मी कमानीखालून गेले. दोनशे माणसं उभी राहिली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी ओरडलं, “शाब्बास आजी.” आजी. कोणाची आजी? सगळ्यांचे चेहरे असे मऊ झालेले, डोकी एका बाजूला कललेली. मला तिथेच खाली बसून तोंड झाकावंसं वाटलं. त्या पहिल्या वर्षीच्या मुलाचं मला तोवर अर्धंच कळलं होतं, उरलेलं आज कळलं.

मी बाजूला झाले नाही. कमानीखाली रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. मागून टेम्पो घेऊन, गुडघ्यापर्यंत जाकीट घातलेली ती आली. टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत. शेपटाला कोण वाजवतं? ताई धावत आली, “अहो, हिला का शेवटी”, तिला मी हाताने थांबवलं. “शेपूट मोजत नाहीत. शेवटची मीच आहे, लिहून घे.” ताईने एकदा जाकिटाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मागे सरली.

मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“तुम्ही वळून बघितलंत.”

“बघितलं.”

“म्हणजे हरलात.”

“हरले.”

ती जाकिटाची चेन वर-खाली करत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, “मी बघितलं असतं तर?”

हा प्रश्न मला आयुष्यात शेकडो लोकांनी विचारलाय. आणखी लवकर आणलं असतं तर. मी त्या दिवशी घरी असतो तर. उत्तरं पाठ आहेत आणि त्यातली निम्मी खोटी आहेत. मी खाली वाकले, गुडघा कुरकुरला.

“मला माहीत नाही,” मी म्हटलं. “कदाचित काही झालं असतं. बहुतेक काहीच झालं नसतं, तुला फक्त ते पडताना दिसले असते. माहीत नाही, आणि जे म्हणतात माहीत आहे ते थापा मारतात. पण मला सांग, वळून बघायचं नाही हा नियम कोणाचा?”

“बाबांचा.”

“आणि तू तो पाळलास.”

“पाळला.”

“मग त्यांनी शेवटचं जे बघितलं ते हेच. पोरगी सरळ घराकडे पळतेय, नियम पाळून, आणि जिंकणार आहे.”

तिने तोंड वाकडं केलं आणि ती रडली. फार मोठ्याने नाही, पण आठ महिन्यांचं होतं, त्यामुळे पुष्कळ वेळ. मीही रडले. लपवून काय उपयोग, सगळ्यांनी बघितलं, टेम्पोवाल्याने तर खिडकीची काच वर केली. रडून झाल्यावर तिने जाकिटाच्या बाहीला नाक पुसलं.

“ते जाकीट केंद्राचं आहे,” मी म्हटलं.

“धुऊन आणते.” मग जरा विचार करून, “आता वळून बघायला चालतं?”

“आजपासून चालतं.”

कठड्यापलीकडे तिची आई उभी होती, दोन्ही हात कठड्यावर घट्ट धरून. मुलगी तिकडे निघाली. चार पावलं गेली आणि तिने वळून बघितलं. मी होते. पुन्हा चार पावलं, पुन्हा वळून बघितलं. टेम्पोवाला कमान उतरवायला आला आणि म्हणाला, “सिस्टर, बाजूला व्हा, नऊ वाजले.” मी त्याला थांब म्हटलं. ती आईपाशी पोचेपर्यंत तिला दिसेन अशी मी तिथेच उभी राहिले.